एका बटनावरचा दिवा आणि पंखा

जुन्या वाड्यांत न्हाणीघर हें घराच्या मागच्या अंगाला असे. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब परसांत नाहीं तर पडवीच्या कडेला धुमसत असे, आणि न्हाणीची वाफ उघड्या झरोक्यांतून आपोआप निघून जाई. हल्लींच्या ब्लॉकमध्यें हीच खोली घराच्या मध्यभागीं येऊन बसली आहे. तिला परस नाहीं. खिडकी असली तर ती इमारतीच्या अंधाऱ्या डक्टमध्यें उघडते. आणि दार लावलें कीं खोली जवळजवळ हवाबंद होते. म्हणून तेथें हवा बाहेर फेकणारा पंखा आला. बाजारांत आणि घरांतही त्याला सर्वजण एक्झॉस्ट फॅन म्हणतात. पुष्कळ घरांत तो आला मात्र मागाहून. घर बांधतांना फक्त दिव्यापुरती तार घातलेली होती. पंखा बसविण्याच्या दिवशीं वायरमननें दिव्याचीच तार पंख्याला जोडून दिली आणि काम उरकलें. तेव्हांपासून बटन दाबलें कीं दिवा लागतो आणि पंखाही घरघरूं लागतो. बटन बंद केलें कीं दोन्ही एकदम थांबतात.

यांत बिघडलें कोठें, असें प्रथमदर्शनीं वाटण्याजोगें आहे. पण दिवा आणि पंखा यांचीं कामें एका वेळचीं नव्हेत. दिव्याची गरज माणूस आंत असेपर्यंत. पंख्याची खरी गरज माणूस बाहेर पडल्यानंतर. स्नान आटोपून मनुष्य दिवा मालवतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं, भिंती, फरशी, टॉवेल सर्व ओलेचिंब असतांना, पंखा थांबतो. तो आणखी पंधरावीस मिनिटें चालता तर खोली कोरडी झाली असती. याच्या उलट, मध्यरात्रीं घरांतील वृद्ध गृहस्थ उठतात तेव्हां त्यांना दोन मिनिटें उजेड हवा असतो, पण पंख्याच्या आवाजानें शेजारच्या खोलींतलें तान्हें मूल जागें होतें. मग घरांतलें कोणीतरी वैतागून पंख्याची तार काढून टाकतें, आणि पंखा भिंतींतील एक शोभेचें छिद्र होऊन बसतो. पुढें दोन पावसाळ्यांत छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, दाराची चौकट फुगते, आणि रंगाऱ्याला बोलवावें लागतें. नुसत्या विजेचा हिशेब केला तर प्रकरण मामुली आहे. ३० वॅटचा पंखा रोज चार तास निष्कारण चालला तरी महिन्याला ३.६ युनिटेंच खर्च होतात. नुकसान होतें तें पंखा चालल्यामुळें नव्हे, तो चालेनासा झाल्यामुळें.

पंख्याचें काम किती असतें हें एका साध्या गणितानें कळेल. पांच फूट रुंद, आठ फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा न्हाणीघरांत ३६० घनफूट, म्हणजे सुमारें दहा घनमीटर हवा मावते. तासाला २०० घनमीटर हवा फेकणारा लहान पंखा ही सारी हवा तीन मिनिटांत एकदां बदलूं शकेल. परंतु पेटीवर छापलेला आंकडा मोकळ्या जागेंतला असतो. बाहेर गेलेल्या हवेच्या जागीं तितकीच हवा आंत यावयास वाट पाहिजे, आणि ती वाट म्हणजे दाराखालची फट किंवा दारांतल्या पट्ट्या. कित्येक घरांत पाणी बाहेर येऊं नये म्हणून दाराखालीं रबराची पट्टी लावतात, आणि मग पंखा निकामी आहे अशी तक्रार करतात! पंखा बिचारा फिरतोच आहे. त्याला ओढावयास हवाच नाहीं.

येथें गॅसच्या गिझरविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण या विषयांत जिवाची गोष्ट असेल तर ती हीच. पंख्याला स्वतंत्र बटन मिळालें म्हणजे न्हाणीघरांत गॅसचा गिझर बिनधास्त चालवावा, अशी समजूत अनेक घरांत आढळते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. बंद खोलींत गॅस जळूं लागला म्हणजे हवेंतील प्राणवायु कमी होत जातो, ज्वलन अपुरें होतें, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; स्नान करणाऱ्यास गुंगी येते आणि कडी काढण्याचीही शक्ति उरत नाहीं. पंखा चालू असतांना वीज गेली तर पंखा थांबतो. गिझर मात्र थांबत नाहीं, कारण त्याची ठिणगी बहुधा बॅटरीच्या सेलवर चालते आणि गॅस तर टाकींतला. ज्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळी आहे, त्याच्या बाबतींत जोराचा पंखा तो धूर उलटा खोलींतही ओढूं शकतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसवावा, आणि आंत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. पंखा वाफेसाठीं आहे, विषासाठीं नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं या. छताशीं असलेल्या दिव्याला तीन तारा लागतात. वीज आणणारी ती फेज, परत नेणारी ती न्यूट्रल, आणि यंत्राच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली तर ती जमिनींत नेणारी ती अर्थिंगची. आपल्याकडील रूढ रंग अनुक्रमें लाल, काळा आणि हिरवा; परंतु जुन्या घरांत रंगांवर विसंबूं नये, कारण वायरमनच्या पिशवींत त्या दिवशीं जो रंग शिल्लक होता तोच भिंतींत गेलेला असतो. बटन हें नेहमीं फेजच्या वाटेंत असावें लागतें. बटनाच्या पलीकडे जी फेज छताकडे जाते, ती बटन दाबलें तरच जागी होते. न्यूट्रल आणि अर्थिंग यांना बटनाशीं कर्तव्य नाहीं. एका बटनावर दिवा आणि पंखा असतात तेव्हां ही जागी होणारी तार एकच असते, आणि वर गेल्यावर तिला दोन फांटे फुटतात. सगळी अडचण या एका तारेची आहे. एका तारेनें एकच निरोप जातो: चालू किंवा बंद. दोघांना निरनिराळे निरोप पाठवावयाचे तर दुसरी तार तरी पाहिजे, नाहीं तर निरोप तारेवांचून वर पोंचविण्याची कांहीं युक्ति तरी पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थिंग दोघांना सामाईक असण्यास हरकत नाहीं.

पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे स्विचबोर्ड उघडून पाहाणें. अर्थात मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करून. पुष्कळदां असें आढळतें कीं भिंतींतल्या पाईपांतून दोन स्वतंत्र तारा खालीं आलेल्या आहेत, आणि बोर्डावर जागा नव्हती म्हणून त्या दोन्ही एकाच बटनाच्या एका स्क्रूखालीं पिळून बसविल्या आहेत. तसें असेल तर प्रश्न सुटलाच म्हणावयाचा. एक तार मोकळी करावी, बोर्डावर एखाद्या रिकाम्या खांचेंत डमी झांकण असेल तें काढून तेथें सहा अँपियरचें दुसरें बटन बसवावें, आणि त्याला पहिल्या बटनाच्या फेजवरून एक लहान दुवा द्यावा. जुन्या पियानो बटनांच्या बोर्डावर त्यासाठीं एक नवें भोंक पाडावें लागेल, एवढेंच. दिवा आणि पंखा मिळून पन्नास वॅटांच्या आंतबाहेर असतात, म्हणजे जेमतेम पाव अँपियर. तेव्हां बटनावर किंवा तारेवर भार पडण्याची भीति नाहीं.

दोन तारा नसतील तर दुसरी ओढून घेणें हाच राजमार्ग होय. लोकांना वाटतें कीं त्यासाठीं भिंत फोडावी लागेल, टाइल्स निघतील, घरभर धूळ होईल. बहुधा तसें कांहीं होत नाहीं. नव्या इमारतींत तारा भिंतींतील प्लास्टिकच्या पाईपांतून गेलेल्या असतात, आणि दिव्याच्या दोनतीन बारीक तारांनीं तो पाईप भरून जात नाहीं. वायरमन पोलादी स्प्रिंग एका तोंडांतून सारतो, ती दुसऱ्या तोंडाशीं निघाली कीं तिला नवी तार बांधून ओढून घेतो. १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय छाप असलेली तांब्याची तार पुरे होते. पाईप वाटेंत चेपला असेल, किंवा त्यांत सिमेंट शिरलें असेल, तर मात्र हा मार्ग खुंटतो. चाळींतून व जुन्या घरांतून, जेथें तारा लाकडी पट्टींतून भिंतीच्या वरून गेल्या आहेत, तेथें काम उलट सोपें: जुनी पट्टी काढून प्लास्टिकची केसिंग-पट्टी बसविली कीं तींत हवी तर आणखी एक तार सुखानें राहाते. नवी तार दिसते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं दिसणारी तार दुरुस्त करतां येते.

ही दुसरी तार टाळण्यासाठीं ज्या चोरवाटा काढतात त्यांची ओळख प्रत्येक गृहस्थानें करून घ्यावी, कारण काम झाल्यावर त्या झांकणाआड लपतात. पहिली चोरवाट म्हणजे अर्थिंगच्या हिरव्या तारेलाच फेज करून पंख्याला देणें. पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि घरमालक खूष होतो. पण आतां दिव्याच्या व पंख्याच्या अंगावर वीज उतरली तर तिला जमिनींत जाण्याची वाट उरत नाहीं. शिवाय उद्यां दुसरा वायरमन येईल, हिरवी तार निरुपद्रवी समजून हातांत धरील, आणि ओल्या हातानें २३० व्होल्टांचा धक्का खाईल. दुसरी चोरवाट अधिक सभ्य दिसते. न्हाणीघराबाहेरच्या बोर्डावर दिव्याच्या बटनाशेजारींच विजेच्या गिझरचें बटन असतें. तेथून पंख्याला फेज उचलतात आणि न्यूट्रल मात्र दिव्याची ठेवतात. यांत तीन दोष आहेत. दिव्याचें एमसीबी बंद करून कोणी पंख्याला हात लावला तर पंखा जिवंतच असतो. गिझरचें एमसीबी जाड तारेसाठीं असल्यामुळें पंख्याच्या बारीक तारेला तें वेळेवर राखीलच असें नाहीं. आणि दोन वाटांवर दोन निराळीं आरसीसीबी असतील तर पंखा लावतांच तीं पडतात. मग आरसीसीबीच खराब आहे असें ठरवून तें काढून टाकण्यापर्यंत मजल जाते! वस्तुतः तें तंतोतंत आपलें काम करीत असतें: एका तारेनें गेलेली वीज दुसऱ्या तारेनें तितकीच परत आली कीं नाहीं हें तें पाहातें, आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला कीं वाट तोडतें. न्हाणीघरासारख्या ओल्या जागीं माणसाचा जीव वांचविणारें याहून चांगलें साधन नाहीं. तिसरी चोरवाट पोथींतल्या पंडितांची आहे. डायोड नांवाचे विजेचे एकमार्गी दरवाजे लावून एकाच तारेवरून अर्धी लाट दिव्याला आणि अर्धी पंख्याला पाठवावी, अशी ही युक्ति. कागदावर ती मोहक दिसते. परंतु पंख्याच्या मोटरला अशी अर्धी लाट मिळाली कीं ती गुरगुरते आणि तापते. तिच्या नादीं लागूं नये.

भिंत, पाईप आणि पट्टी हे तिन्ही उपाय खुंटले असतील तर मात्र छताशींच कांहीं करावें लागतें. त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत निर्मळ उपाय म्हणजे दोरीचें बटन. इंग्लंडांत न्हाणीघराच्या छताला असें बटन सर्रास असतें. दोरी ओढली कीं चालू, पुन्हां ओढली कीं बंद, आणि ओला हात विजेपासून हातभर दूर. पंख्याच्या फांट्यावर तें बसविलें तर रात्रीं पंख्यावांचून दिवा लावतां येतो. परंतु दिव्यावांचून पंखा चालू ठेवतां येत नाहीं, कारण भिंतीवरचें बटन बंद होतांच दोघांचीही वीज जाते. ज्या घराची तक्रार केवळ आवाजाची आहे तेथें हा उपाय पुरेसा आहे. ज्याची तक्रार ओलीची आहे तेथें तो कुचकामी आहे.

दुसरा उपाय छताशीं एक छोटा डबा बसविण्याचा. हे डबे मूळचे झुंबरांसाठीं निघाले. भिंतीवरचें बटन पटकन बंद करून पुन्हां चालू केलें कीं डब्यांतलें यंत्र तें मोजतें आणि वाट बदलतें: एकदां फक्त दिवा, एकदां फक्त पंखा, एकदां दोन्ही. क्रम प्रत्येक बनावटीचा निराळा असतो. खर्च थोडा आणि तार एकही नवी नाहीं, म्हणून तो आकर्षक आहे. मात्र डब्यावर मोटरचा भार चालतो असें छापलेलें असावें, नुसत्या दिव्यांसाठीं असलेला घेऊं नये. घरांत वृद्ध माणसें किंवा वरचेवर पाहुणे असतील तर या टिकटिकीचा त्यांना त्रास होतो, हेंही ध्यानांत घ्यावें.

तिसरा उपाय तारेचा धर्मच बदलण्याचा आहे. भिंतीवरचें बटन कायम चालू ठेवावयाचें, म्हणजे छतावरची तार अखंड जागी राहाते, आणि मग दिवा व पंखा यांना प्रत्येकीं स्वतःचा चालक द्यावयाचा. दिव्याला माणसाची चाहूल ओळखणारा, पंख्याला ओल ओळखणारा किंवा ठराविक वेळ मोजणारा. ऐकण्यास हें फार सुखाचें आहे, आणि योग्य निवड केली तर तसें तें असतेंही. परंतु निवड चुकली तर फजिती होते. माणसाच्या अंगची ऊब ओळखणारा चालक कांचेपलीकडचें पाहूं शकत नाहीं. शॉवरपुढें कांचेची भिंत असेल तर डोळ्यांत साबण असतांनाच दिवा विझतो. सूक्ष्मलहरींनीं हालचाल टिपणारा चालक पातळ दारापलीकडचेंही टिपतो, म्हणून बाहेरून कोणी गेलें तरी आंतला दिवा लागतो. ओल ओळखणाऱ्या पंख्याची गोष्ट तर प्रदेशावर अवलंबून आहे. हवेंतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली कीं चालू व्हावयाचें असें त्याला शिकविलें असेल, तर पुण्याच्या हिवाळ्यांत तो उत्तम चालेल. पण मुंबईंत आणि कोकणांत जुलै महिन्यांत बाहेरचीच हवा त्याहून ओली असते, आणि तो पंखा गणेशचतुर्थीपर्यंत बंद होण्याचें नांव घेत नाहीं. किनाऱ्यावरच्या घरांनीं वीस मिनिटांनीं आपोआप थांबणारा पंखाच पसंत करावा. दुसरी तार ओढतां आली असेल तर हाच टायमर खालीं बोर्डावर दुसऱ्या बटनाच्या जागीं बसवितां येतो, आणि तो सर्वांत सोयीचा.

चौथा उपाय तारेवांचून निरोप पाठविण्याचा. छताशीं दोन लहान रिले, एक दिव्याचा व एक पंख्याचा. आणि भिंतीवर दोन कळांची चपटी पट्टी. कळ दाबली कीं रेडिओचा क्षीण संदेश वर जातो. कांहीं पट्ट्यांत सेल असतो. कांहींत सेलही लागत नाहीं. दाबण्याच्या त्या हालचालीनेंच आंतल्या चुंबकाजवळच्या वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते आणि तेवढ्यावर संदेश सुटतो. सीमेन्सपासून फुटून २००१ सालीं म्यूनिकजवळ स्थापन झालेल्या एनओशन या संस्थेनें अशीं बिनसेलचीं बटनें प्रचारांत आणलीं. आतां अनेकांचीं मिळतात. या पट्टींत घरची वीज मुळींच नसल्यामुळें ओल्या हातानेंही तिला स्पर्श करतां येतो, हा तिचा मोठा गुण. रिले मात्र लोखंडी पेटींत कोंडूं नये, संदेश अडतो. आणि पीओपीच्या छताआड असा ठेवावा कीं पुढें हात पोंचेल. वाफेंत राहून तो कधींतरी बिघडणारच.

या तिसऱ्या व चौथ्या उपायांत एक गोष्ट विसरून चालत नाहीं. भिंतीवरचें जुनें बटन आतां दिव्याचें राहिलेलें नसतें, आणि छतावरचा होल्डर दिवा विझलेला असतांनाही जिवंत असूं शकतो. बल्ब बदलतांना एमसीबीच बंद केलें पाहिजे. जुनें बटन काढून टाकण्यापेक्षां तें मुख्य तोड म्हणून ठेवावें आणि त्याच्याशेजारीं तशी चिठ्ठी चिकटवावी. नाहीं तर सवयीनें कोणीतरी तें बंद करतें आणि सारीं यंत्रें मुकीं होतात.

बटन, पंखा, बल्ब जसाच्या तसा बदलण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. परंतु वायरिंगमध्यें भर घालणें किंवा फेरफार करणें, म्हणजे नवी तार ओढणें, हें काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांप्रमाणें सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच व जाणत्याच्या देखरेखीखालीं करवून घ्यावें लागतें. वायरमन काम संपवून पिशवी भरूं लागला कीं त्याला थांबवून पुढील गोष्टी डोळ्यांदेखत करावयास लावाव्या. पंखा बंद ठेवून दिवा, दिवा बंद ठेवून पंखा, आणि मग दोन्ही बंद ठेवून पंख्याच्या जोडणीशीं वीज नाहीं हें मीटरनें किंवा टेस्ट-लॅम्पनें दाखविणें. नुसत्या टेस्टरवर विसंबूं नये. त्याचा मंद लाल दिवा उजेडांत दिसत नाहीं आणि तार तुटून नुसतीच लोंबत असली तरी कधीं कधीं तो लागतो. जुन्या घरांत बटन चुकून न्यूट्रलच्या वाटेंत असतें. तसें असेल तर दोन्ही बंद असतांही पंख्याशीं फेज हजर दिसेल, आणि ती चूक त्याच बैठकींत दुरुस्त करून घ्यावी. ज्या घरांत फेजबरोबर न्यूट्रललाही फ्यूज आहे तेथें तर दिवा लागत नाहीं म्हणजे वीज नाहीं असें मुळींच समजूं नये. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तरी फेज वर शाबूत असते. अखेरीस आरसीसीबीवरील टी अक्षराची कळ दाबून तें पडतें कीं नाहीं हें पाहावें, आणि कोणतें एमसीबी न्हाणीघराचें हें पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस मराठींत लिहून ठेवावें.